चिंचेच्या जागचा वाफा

चिंच तोडली तेव्हा मी पेणला माहेरी होते. तोडण्याआधी मला कोणी विचारलं नाही आणि तोडल्यावर कळवलंही नाही. होळीच्या आधी वडील मला पनवेलला पोहोचवायला आले. एसटीतून उतरून आम्ही आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हाच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. आमच्या घराच्या कौलांमागे नेहमी चिंचेचा हिरवा डोंगर दिसायचा. त्या दिवशी तिथे नुसतं आभाळ होतं, आणि त्या आभाळात लांबवर प्रबळगड. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, पण आमच्या घरामागून प्रबळगड दिसतो हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

ओटीवर सासूबाई पाय पसरून बसल्या होत्या. पुढ्यात गोणपाट, त्यावर चिंचांचा ढीग. त्या टरफलं काढत होत्या, चिंचोके एका बाजूला टाकत होत्या आणि गराला मीठ लावून गोळे वळत होत्या.

"आलीस? ये," त्या म्हणाल्या. "काढून टाकलं बघ एकदाचं ते झाड. तुझ्यासाठीच. आता घोर नाही."

वडिलांनी ट्रंक खाली ठेवली. मी सासूबाईंच्या हातांकडे बघत राहिले. ज्या झाडाने माझं मूल खाल्लं असं सगळ्या गल्लीला सांगून झालं होतं, त्याच झाडाची चिंच त्या वर्षभराच्या आमटीसाठी बरणीत भरत होत्या. झाड वाईट, पण चिंच चांगली! वडील समोर होते, आणि मुलीने सासरच्या उंबऱ्यावर पहिलं वाक्य भांडणाचं बोलावं हे त्यांना सोसलं नसतं. मी वाकून नमस्कार केला. नमस्कार करताना दात आवळले होते हे मात्र आठवतं.

आमच्या घरात तिघंच माणसं. सासूबाई, माझे यजमान आणि मी. सासरे माझ्या लग्नाआधीच वारले होते. यजमान मामलेदार कचेरीत कारकून होते, सकाळी डबा घेऊन जायचे आणि दिवेलागणीला यायचे. मागच्या परसात विहीर, विहिरीला लागून धुण्याचा दगड आणि त्यावर सावली धरून ती चिंच. दुपारी भांडी झाली की मी तिच्या बुंध्याला टेकून बसायची. कधी जुना पेपर वाचायची, कधी नुसतीच बसायची. घरात बसलं की काही ना काही काम निघायचंच. झाडाखाली बसलेल्या बाईला मात्र सासूबाई हाक मारत नसत. त्यांना त्या झाडाखाली यायला आवडत नसे. का, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटायचं, ऊन लागतं म्हणून येत नसतील.

मला दिवस गेले. सातव्या महिन्यात माझे पाय सुजू लागले. आधी फक्त संध्याकाळी, मग सकाळी उठतानाही. जोडवी बोटांत रुतली ती साबण लावून काढावी लागली. डोकं असं ठणकायचं की पोळ्या लाटता लाटता मी लाटणं बाजूला ठेवून कपाळ भिंतीला टेकवायची. डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. मी सासूबाईंना सांगितलं.

"पोटुशीचे पाय सुजतातच," त्या म्हणाल्या. "गरम पाण्यात मीठ घालून शेक घे."

शेक घेतला. काही फरक पडला नाही. मग यजमान जेवून पेपर घेऊन बसले तेव्हा मी विचारलं, "एकदा इस्पितळात जाऊन येऊ या का? डॉक्टरीण बाई आहेत, मला लाज वाटायची नाही."

"आईला विचारलंस?"

"विचारलं."

"काय म्हणाली?"

"असतंच म्हणाल्या."

"मग झालं तर," असं म्हणून त्यांनी पेपराचं पान उलटलं.

त्यानंतर मी पुन्हा विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं मला कधी वाटलं नाही. एकदा सांगितलेलं ऐकू जायला हवं होतं, असंच अजूनही वाटतं.

आठवा लागला. एका दुपारी मी न्हाऊन, केस वाळवायला मोकळे सोडून चिंचेखाली बसले होते. पुढचं मला आठवत नाही, लोकांनी सांगितलं तेवढंच. शेजारच्या काकूंनी कुंपणापलीकडून पाहिलं. मी धुण्याच्या दगडाशी पडले होते, दातखिळी बसली होती, डोळे पांढरे झाले होते आणि सगळ्या अंगाला झटके येत होते. काकूंनी बोंब ठोकली. सासूबाई धावत आल्या. मोकळे केस, चिंचेची सावली आणि झटके. त्यांना दुसरं काही बघायची गरजच उरली नाही.

"झाडाने धरली गं बाई!" म्हणाल्या.

मला उचलून घरात नेलं. कोणीतरी सायकलवरून डोंगराकडच्या गावच्या भगताला आणायला गेलं, कोणीतरी कचेरीत. भगत आला. त्याने मिरच्यांची धुरी दिली, अंगारा लावला, झाडाला नाव विचारलं. यजमान कचेरीतून आले आणि दारात उभे राहिले. पुन्हा झटका आला. मग अजून एक. संध्याकाळी कोणीतरी शहाण्या माणसाने टांगा आणला. इस्पितळात पोहोचले तोवर पोटातलं मूल गेलं होतं. मुलगा होता.

चार-पाच दिवसांनी मला माणसं ओळखू यायला लागली. तेव्हा डॉक्टरीण बाई खाटेशी आल्या. यजमान पायथ्याशी उभे होते. बाईंनी माझ्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला तो तसाच राहिला.

"ही सूज किती दिवसांची?" त्यांनी मला विचारलं.

"महिन्याच्या वर झालं."

"डोकं दुखत होतं? डोळ्यांपुढे चमकायचं?"

"हो."

त्या वळल्या आणि यजमानांना म्हणाल्या, "हे झटके काही अचानक येत नाहीत. रक्तदाब वाढतो, आधी शरीर सांगतं. त्याच वेळी आणलं असतं तर मूलही कदाचित हाती लागलं असतं. पुढच्या खेपेला पहिल्या महिन्यापासून दाखवायचं. समजलं?"

"समजलं," यजमान म्हणाले.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना खरंच समजलं होतं. म्हणूनच तर परसात उभं राहिल्यावर माझा संताप सासूबाईंपेक्षा त्यांच्यावर जास्त झाला.

इस्पितळातून वडिलांनी मला पेणला नेलं होतं; आता मला पोहोचवून ते परत गेल्यावर मी मागे गेले. चिंचेचा बुंधा जमिनीसरशी कापलेला होता, पाटाएवढा रुंद, मध्ये काळसर तांबडा. भगताने त्यात मोठे लोखंडी खिळे ठोकले होते आणि वर लिंबं वाळून पडली होती. भोवती शेंगांची टरफलं आणि बारीक पाला. सावली गेल्यामुळे विहिरीपर्यंत सगळीकडे ऊनच ऊन. संध्याकाळी यजमान आले, त्यांना पाण्याचा तांब्या दिला आणि मी विचारलं, "तुम्ही तोडू कसं दिलंत?"

"आईचं समाधान झालं. तिने फार धसका घेतला होता."

"डॉक्टरीण बाई काय म्हणाल्या ते सांगितलंत त्यांना?"

ते चहाची वाट बघत असल्यासारखे आत बघत राहिले. मग म्हणाले, "उगीच कशाला? तिला वाटेल, आपल्यामुळे झालं."

"मग कुणामुळे झालं?"

"अगं, झाडच तर होतं."

मी चहा केलाच नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच तसं झालं. ते गुपचूप उठले आणि बाहेर जाऊन चहा पिऊन आले. तेवढंही मला पटलं नाही. निदान ओरडायचं तरी!

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी बेत सांगितला. भटजी बोलावून त्या जागेची शांत करायची, आणि खुंट कुजला की वर तुळशीवृंदावन बांधायचं.

"तिथे मी वाफा करणार आहे," मी म्हटलं.

"कसला वाफा?"

"भाजीचा."

"चिंचेच्या जागी काही उगवत नाही. आणि त्या जागेचं खायचं?"

"चिंच खाता की."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझ्यातलं झाड अजून उतरलंच नाही. मी आतून पहार आणली आणि पहिल्यांदा भगताचे खिळे उचकटून काढले. तळहाताला फोड आले. सासूबाई मागच्या दारात उभं राहून गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत होत्या, "अंगात ताकद नाही, आणि खणतेय बघा!" मी सगळे खिळे काढून विहिरीपलीकडे भिरकावून दिले.

रोज दुपारी मी खुंटाभोवती खणू लागले. त्यातून काही साधत होतं असं नाही. चिंचेची मुळं माझ्या मनगटाएवढी, कुदळ मारली की कुदळच परत यायची. पण त्या दुपारच्या वेळात मी जेवढं बोलू शकत नव्हते तेवढं सगळं त्या मुळांवर काढायची. आमच्याकडे कामोठ्याहून एक भाजीवाली यायची, टोपली घेऊन मागच्या दारी बसायची. मला वाटलं, ही शेतावरची बाई, हिला तरी माझी बाजू कळेल. ती म्हणाली, "बरा झाला गो बाय, तोरला तो. वंगाल झार व्हता. आमचे गावान पन येक हाय, पोरींना तिकडं जाव देत नाय आमी." मी तिच्याकडून त्या दिवशी काही घेतलं नाही. तीही माझ्यावर रागावून गेली.

रविवारी यजमान धोतराचा काचा मारून, पहार घेऊन माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. पहिला घाव घालणार, तोच मी म्हटलं, "हात लावू नका."

"तुला एकटीला नाही निघायचं ते."

"आधी आईंना सांगा डॉक्टरीण बाई काय म्हणाल्या ते. मग पहार घ्या."

आत सासूबाई भांडी लावत होत्या, त्यांचा आवाज येत होता. सांगायचं तर चार पावलांवर होत्या त्या. यजमानांनी पहार भिंतीला टेकवून ठेवली आणि काचा सोडून आत निघून गेले. त्या माणसाने माझ्यावर कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. शेजारणी म्हणायच्या, नवरा भला मिळालाय. मला तो भलेपणा त्या दिवशी नको नको झाला.

खुंट शेवटी काढला तो गाडीची चाकं करणाऱ्या सुताराने. पनवेलला तेव्हा चाकांचे बरेच कारखाने होते. चिंचेचं खोड त्यानेच नेलं होतं, आणि बुंध्याच्या गाठीचं लाकूड चाकाच्या तुंब्याला, म्हणजे आरे बसतात त्या मधल्या गड्ड्याला, चांगलं म्हणून तो माणसं घेऊन पुन्हा आला. दोन दिवस ती माणसं खणत होती. खुंट निघाला आणि मागे माणूस उभा राहील एवढा खड्डा उरला. सासूबाईंनी तो पाहून दाराला कडी घातली.

वैशाखात आमच्या जवळच्या तळ्याचं पाणी खाली गेलं की लोक बैलगाड्यांतून गाळ काढून न्यायचे. मी एका गाडीवानाला सांगून गाळ आणवला, खड्डा भरला, तबेल्यातून शेणखत आणून मिसळलं, चुलीतली राख घातली. घमेली उचलून उचलून कंबर मोडली. वर सपाट वाफा केला, विटांचे तुकडे लावून कड केली आणि पावसात आर्द्रा नक्षत्र लागल्यावर लाल माठ पेरला, भेंडी लावली. माठ उगवला. दोन पानांवर आला. मग एका रात्रीच्या पावसाने भरलेली माती खाली बसली आणि सकाळी वाफ्याच्या जागी गुडघाभर पाण्याचं डबकं. रोपं त्यात तरंगत होती.

"सांगितलं नव्हतं?" सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, हे मी कबूल करते. भीतीच होती. पण मला तेव्हा भीती आणि आनंद यांत फरक करत बसायचं नव्हतं.

"माती बसली," मी ओरडले. "माती बसते! खड्डा भरला की माती बसते! त्यात भूत नाही!"

शेजारच्या काकू कुंपणाशी आल्या आणि परत गेल्या.

पावसाळाभर मी त्या डबक्याकडे बघत काढला. पाऊस ओसरल्यावर पुन्हा गाळ, पुन्हा माती. या वेळी जमिनीपासून हातभर उंच केला वाफा. दसऱ्यानंतर वांगी आणि मिरची लावली. कडेला सांडपाण्यावर अळू. आणि आलं सगळं! वांग्याची झाडं कमरेएवढी झाली, जांभळी चकचकीत वांगी धरली, मिरच्यांनी फांद्या वाकल्या. मी पहिली वांगी भरून केली. यजमानांनी मुकाट्याने खाल्ली. सासूबाईंनी ताटातली वांगी बाजूला सारली आणि आमटी-भात कालवला.

"आमटीत चिंच आहे," मी म्हटलं. "त्याच झाडाची."

"ती देवाला दाखवून भरलीय," त्या म्हणाल्या.

मी ताटावरून उठले. वांग्यांची टोपली भरून मी गल्लीत प्रत्येक घरी दिली. दोघी-तिघींनी घेतली नाही. ज्यांनी घेतली त्यांनीही शिजवली की टाकून दिली, देव जाणे.

त्यानंतर वर्षाने मला पुन्हा दिवस गेले. या वेळी मी कोणालाही विचारलं नाही. पहिल्या महिन्यापासून दर महिन्याला एकटी चालत इस्पितळात जायची. सासूबाई म्हणायच्या, "एवढं काय झालंय?" मी चपला घालून निघायची. यजमान एकदा म्हणाले, "मी येऊ का सोबत?" मी म्हटलं, "वाट माहीत आहे मला." आठव्या महिन्यात पाय पुन्हा सुजू लागले, तशी मी ट्रंकेत दोन लुगडी भरून त्याच दिवशी इस्पितळात गेले. बाईंनी मीठ बंद केलं, खाटेवरून उतरू दिलं नाही. मुलगी झाली, लहानशी, पण जिवंत, आणि आवाज असा की सगळ्या वॉर्डाला जाग आली.

घरी आले तेव्हा सासूबाई गल्लीत साखर वाटत होत्या. प्रत्येक दाराशी एकच वाक्य. "झाड काढलं म्हणून हे दिसलं बघा."

मी ते ऐकलं. मुलगी अंगावर पीत होती. मी तिला दूर केलं आणि दाराकडे निघालेही, पण ती रडू लागली म्हणून परत बसले. तेवढ्यापुरतं ते राहून गेलं. राग मात्र कुठे जात नाही. तो आपला बसून राहतो.

मुलगी सहा-सात महिन्यांची असेल. शेजारच्या काकूंच्या सुनेला सातवा महिना होता. गरीब, गप्प पोरगी, उरणकडची. काही दिवस ती विहिरीवर दिसली नव्हती. एका रविवारी सकाळी मी मुलीला कडेवर घेऊन वाफ्यातल्या मिरच्या तोडत होते, तर काकूंच्या परसात दोन माणसं कुऱ्हाडी घेऊन उभी. काकूंकडे एक मोठं भोकराचं झाड होतं. आमच्या सासूबाई कुंपणाला धरून उभ्या होत्या आणि कुठून घाव घालायचा ते सांगत होत्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"सुनेला बरं नाही," काकू म्हणाल्या. "डोकं धरून पडलीय कालपासून. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, आधी झाडाचं बघा."

"पाय सुजलेत का तिचे?"

"सुजायचेच."

मला वाटतं, त्या क्षणी मला कोणी अडवलं असतं तर मी चावले असते. मी मुलगी सासूबाईंच्या हातात कोंबली, वाफ्यातून, मिरचीच्या रोपांवरून तशीच कुंपण ओलांडून गेले. पोरगी आतल्या अंधाऱ्या खोलीत पडली होती. तिच्या पायावर मी अंगठा दाबला. खळगा पडला. तो भरला नाही. "वहिनी, मला काजवे दिसतात," ती म्हणाली.

मी बाहेर आले आणि गल्लीने कधी ऐकला नसेल असा आवाज लावला.

"टांगा आणा! आत्ता! झाडाने काही होत नाही! माझे पाय असेच महिनाभर सुजले होते, मी घसा फोडून सांगितलं, कोणी ऐकलं नाही! माझा मुलगा झाडाने नाही नेला, आमच्या घरात कोणी ऐकलं नाही म्हणून गेला!"

"जीभ आवर," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "काही तरी बोलते ही. कोण म्हणालं असं?"

यजमान आवाज ऐकून मागच्या दारात आले होते. अर्धी दाढी केलेली, गालावर साबण. मी त्यांच्याकडे बोट केलं. "विचारा त्यांना. त्यांच्यासमोर सांगितलंय डॉक्टरीण बाईंनी."

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. कुऱ्हाडवालेसुद्धा. मला वाटलं, हा माणूस आता पुन्हा आत जाईल.

"खरं आहे," ते म्हणाले. "बाई म्हणाल्या होत्या, वेळेत आणलं असतं तर वाचलं असतं. मीच सांगितलं नाही." आणि मग, तोंड न पुसताच, टांगा आणायला गेले.

पोरगी इस्पितळात गेली, तिथेच राहिली, आणि पुढे सुखरूप बाळंत झाली. मुलगा झाला. भोकर मात्र काकूंनी पुढच्या आठवड्यात तोडलंच. माणसं ठरवलेली होती, म्हणाल्या.

यजमानांनी माझी माफी मागितली नाही आणि मी मागायला लावली नाही. तीन वर्षं जे माझ्यासाठी त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं ते शेजारणीच्या सुनेसाठी निघालं, याचाही मला रागच आला. लोकांना वाटेल, आता तरी हिने शांत व्हावं. मी नाही झाले.

सासूबाई काही दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मग एका दुपारी मी मुलीला झोपवत असताना दाराशी येऊन बसल्या.

"माझी दोन गेली," त्या म्हणाल्या. "ह्याच्या आधीची. याच घरात."

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी यजमानांच्या तोंडूनही कधी ऐकलं नव्हतं. त्यांनाही माहीत नव्हतं, ते नंतर कळलं.

"दुसऱ्या वेळी मलाही झटके आले होते. माझ्या सासूने सांगितलं, झाड. मी म्हटलं, असेल. मग हा जगला. जगला म्हणून कोणी झाड तोडलं नाही. मी मात्र त्याच्याखाली कधी बसले नाही."

"मग माझे पाय बघून तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"माझे तस्सेच होते," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, सगळ्यांचेच असतात."

तीस वर्षांपूर्वी या बाईशी कोणी खोटं बोललं होतं आणि तिने ते तसंच जपून माझ्यापर्यंत आणलं होतं. मला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून अजून संताप आला. आता तो नेमका कोणावर काढायचा तेही हातात राहिलं नव्हतं. मी विचारलं, "ती दोघं काय होती? मुलगे की मुली?" त्या म्हणाल्या, "एक मुलगी होती. दुसरं मला दाखवलं नाही." मग उठल्या आणि तांदूळ निवडायला बसल्या. आम्ही त्याबद्दल पुन्हा बोललो नाही, पण गल्लीत "झाड काढलं म्हणून" हे वाक्य त्यांच्या तोंडून परत कधी ऐकू आलं नाही.

मला गल्लीत भांडखोर म्हणायला लागले ते तेव्हापासून. कुठल्याही घरात सुनेला सातवा लागला की मी हळदीकुंकवाचं निमित्त काढून जायची आणि आधी तिचे पाय बघायची. एका घरातल्या सासूने मला पाहून सुनेच्या पायांवर लुगड्याचा काठ ओढून घेतला. मी तिथेच खाली बसले आणि काठ वर केला.